धान्याची उतरंड आणि गावकुसाबाहेरचे घर

आपल्याकडे दुष्काळाचा इतिहास लिहिला गेला तो पावसाचा, सरकारी आयोगांचा आणि दात्यांच्या औदार्याचा. कोणत्या साली पाऊस किती पडला, गुरे किती मेली, खडी फोडायला माणसे किती गेली याच्या नोंदी ग्रंथालयांत सापडतात. पण पाऊस गेल्यानंतरच्या पहिल्या आठवड्यात कोणाच्या घरात काय शिल्लक होते, याची नोंद कोणी ठेवली नाही. खरे तर माणूस जगणार की मरणार याचा निम्मा निकाल त्या आठवड्यातच लागलेला असतो. ज्याच्या घरी पेव आहे तो वाट पाहू शकतो. ज्याच्या घरी दोन शेर ज्वारी आहे तो दुसऱ्याच दिवशी कोणाच्या तरी दारात उभा राहतो आणि ज्या अटी घातल्या जातील त्या मान्य करतो. म्हणून साठवणीचा प्रश्न हा स्वयंपाकघरातला किरकोळ प्रश्न नाही. तो सत्तेचा प्रश्न आहे, असे मला वाटते.

संकटकाळासाठी घरात पीठ, तांदूळ, डाळ, तेल, मीठ, गूळ यांचा साठा ठेवावा, असा सल्ला शहाणी माणसे नेहमी देतात. सल्ला चुकीचा नाही. मात्र तो पाळायला तीन गोष्टी लागतात. एकदम धान्य घेता येईल इतका पैसा किंवा स्वतःची जमीन लागते. कोरडे, पक्के घर लागते. आणि आज भरलेले मडके उद्याही आपलेच राहील, ही खात्री लागते. या तिन्ही गोष्टी गावकुसाबाहेरच्या घराला इतिहासात क्वचितच एकत्र मिळाल्या. त्या का मिळाल्या नाहीत, आणि त्या नसतानाही आपल्या बायांनी काय साठवले, हे पाहण्याचा हा प्रयत्न आहे.

१

मराठीत जातिव्यवस्थेला 'उतरंड' म्हणण्याची पद्धत आहे. बाबासाहेबांनी ज्या श्रेणीबद्ध विषमतेचे विश्लेषण केले, तिला मराठी माणसाने हा घरगुती शब्द दिला. उतरंड म्हणजे धान्याच्या मडक्यांची चळत. तळाला सर्वांत मोठा रांजण, त्यावर लहान मडके, त्यावर आणखी लहान गाडगे. घरातल्या उतरंडीत तळाचे भांडे सर्वांत भरलेले असते, कारण ज्वारी-बाजरी तिथेच राहते. वरच्या गाडग्यांत बी-बियाणे, डाळी आणि मसाला. जातीच्या उतरंडीत मात्र सगळा भार तळाच्या भांड्यावर आणि तेच रिकामे. हा शब्द आपण भाषणांत शेकडो वेळा वापरतो, पण त्याच्या मुळाशी धान्याची साठवण आहे हे विसरून जातो.

गावगाड्यात साठवणीच्याही पायऱ्या होत्या. सर्वांत वर पेव. पाणी न धरणाऱ्या कठीण जमिनीत माणूस उभा राहील एवढा किंवा त्याहून खोल खड्डा खणायचा, तोंड अरुंद ठेवायचे, आतून कडब्याचा थर द्यायचा, ज्वारी भरायची आणि तोंडावर दगड ठेवून माती लिंपायची. आत हवा कोंदते, प्राणवायू संपतो आणि कीड मरते. अशा पेवात ज्वारी वर्षानुवर्षे टिकत असे. सांगलीजवळच्या हरिपूरला हळद साठवण्याची पेवे तर अलीकडेपर्यंत वापरात होती. २००५ च्या महापुरात त्यांतली बरीच निकामी झाली. पेवाच्या खालोखाल वाड्याच्या भिंतीत बांधलेले बळद. त्याखाली शेतकऱ्याच्या घरातली शेणामातीने लिंपलेली कणगी. आणि सर्वांत खाली मडके.

मडक्यातही जे येई ते कसे येई? बलुत्यातून. सुगीत खळ्यावर धान्याची रास पडल्यावर पाटील, कुलकर्णी, सुतार, लोहार असे सगळे आपापला वाटा नेत आणि महार-मांगांची पाळी मागून येई. त्र्यंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली 'गावगाडा' लिहिले. त्यांनी बलुतेदारीचे तपशील बारकाईने नोंदवले, पण त्यांची दृष्टी कुणब्यावर पडणाऱ्या ओझ्याकडे अधिक होती. बलुते वर्षातून एकदा मिळते, काम मात्र बारा महिने आणि चोवीस तास करावे लागते, आणि मिळालेल्या धान्याचे मोजमाप देणाऱ्याच्या मर्जीवर असते, हा हिशेब मांडायला बाबासाहेबांना यावे लागले. १९२७ साली 'बहिष्कृत भारता'त त्यांनी महार वतनावर लिहिले आणि १९२८ साली मुंबई कायदेमंडळात वतन बिल आणले. ज्याचे उत्पन्न दुसऱ्याच्या मर्जीवर अवलंबून आहे त्याला साठा करता येत नाही, हे त्या सगळ्या मांडणीच्या पोटात आहे.

बंद पेव उघडल्यावर लगेच आत उतरले तर माणूस गुदमरून मरतो. म्हणून तोंड उघडे ठेवून वाट पाहायची, दिवा सोडून पाहायचा, मग एखाद्याला दोराने खाली सोडायचे. दोराला लोंबकळणारा तो गडी पेवाचा मालक नसे, एवढे सांगायला कागदपत्रांची गरज नाही. माझी आजी सांगत असे की पेवाच्या तळाचे, ओल लागून काळे पडलेले, आंबूस वासाचे धान्य आमच्या वाड्याच्या वाट्याला येई. ते धुऊन, उन्हात वाळवून, चांगल्या ज्वारीत मिसळून दळायचे. मराठीत भरभराटीला 'पेव फुटले' म्हणतात. आमच्याकडे पेव फुटे ते असे.

२

दुष्काळाच्या स्मृतीत महाराष्ट्राने एक कथा फार प्रेमाने जपली आहे. पंधराव्या शतकात, १४५८ ते १४६० च्या सुमारास, मोठा दुष्काळ पडला. मंगळवेढ्याचे अधिकारी दामाजीपंत यांनी बिदरच्या बहामनी सुलतानाची धान्याची कोठारे भुकेल्या लोकांसाठी खुली केली. त्यांना शिक्षा होणार, तोच विठ्ठल 'विठू महारा'चे रूप घेऊन बिदरच्या दरबारात गेला आणि धान्याची सगळी रक्कम भरून पावती घेऊन आला.

कथेतल्या चमत्काराचा वाद इथे घालायचा नाही. तिच्यातला समाज पाहिला पाहिजे. वसूल झालेला सरकारी पैसा ठाण्यावर पोहोचवणे हे महाराचे गावकामच होते. म्हणून देवाने खजिना घेऊन जायचे ठरवले तेव्हा त्याला महाराचेच रूप घ्यावे लागले. दुसऱ्या रूपावर दरबाराचा विश्वास बसला नसता. म्हणजे खजिना वाहून नेण्याइतका महार विश्वासू होता. कोठाराची किल्ली मात्र त्याच्या हाती कधी आली नाही. त्याच मंगळवेढ्यात १३३८ साली गावकुसाचे काम चालू असताना भिंत कोसळून चोखामेळा मेला, असे परंपरा सांगते. एका महाराने गावाची भिंत बांधताना प्राण दिला आणि एका महाराच्या रूपाने गावाच्या धान्याची किंमत चुकती झाली. भिंतीच्या आत कोठारे राहिली आणि भिंतीच्या बाहेर वाडा. दामाजीपंतांच्या औदार्याला कमी लेखण्याचे कारण नाही. पण उपाशी माणसाचे जगणे एका चांगल्या अधिकाऱ्याच्या दयेवर आणि देवाच्या पावतीवर टांगलेले असावे, ही व्यवस्था कथा आनंदाने गृहीत धरते. आपण ती गृहीत धरू नये.

३

१८७६ ते १८७८ चा दुष्काळ आला तेव्हा कोठारांचे मालक बदलले होते. रेल्वे आली होती, सारा रोखीने भरायचा होता, आणि धान्य ज्या बाजारात अधिक भाव मिळेल तिकडे जात होते. दुष्काळात रेल्वेने धान्य आत येते तसे बाहेरही जाते, हे दख्खनने तेव्हा पाहिले. व्हाइसरॉय लिटनच्या सरकारने धान्यव्यापारात हात घालायचे नाकारले आणि याच काळात हिंदुस्थानातून इंग्लंडला तीन लाख टनांहून अधिक गहू गेला. सर रिचर्ड टेंपल यांनी दुष्काळी कामावरच्या पुरुषाची मजुरी दिवसाला एक पौंड धान्य आणि एक आणा अशी खाली आणली. १८७७ च्या आरंभी मुंबई इलाख्यातल्या मजुरांनी त्याविरुद्ध कामे सोडून दिली. उपाशी माणसांनी केलेला हा संप आपल्या कामगार चळवळीच्या इतिहासात ठळकपणे यायला हवा.

या काळात सत्यशोधक समाजाने जे केले ते साठवणीच्या दृष्टीने नवे होते. जोतीरावांनी धनकवडीला व्हिक्टोरिया बालाश्रम चालवला. तिथे दुष्काळग्रस्तांच्या मुलांना रोज अन्न मिळे. सावित्रीबाई जुन्नर भागात काम करीत होत्या. एप्रिल १८७७ मध्ये ओतूरहून जोतीरावांना लिहिलेल्या पत्रात त्यांनी दुष्काळाने ओसाड झालेला मुलूख, सावकारांचा निर्दयपणा आणि सत्यशोधकांनी उभारलेल्या समित्या यांची हकिगत कळवली. भुकेल्यांसाठी धान्य गोळा करणे, ते शिजवणे आणि जात न पाहता वाढणे, ही तिन्ही कामे शूद्रातिशूद्रांच्या संघटनेने स्वतः केली. इथे कोणी दामाजी नाही आणि कोणी विठू नाही. समिती आहे.

अण्णा भाऊ साठे यांनी १९५९ साली 'फकिरा' लिहिली. उपासमारीने मरणाऱ्या मांगवाड्यासाठी धान्य लुटणारा नायक त्यांनी उभा केला आणि ती कादंबरी बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केली. भरलेले कोठार आणि रिकामे मडके यांच्यामध्ये कायदा उभा असेल, तर तो कायदा कोणाचा, हा प्रश्न त्या कादंबरीने मराठी वाचकाला विचारला.

४

मग गावकुसाबाहेरच्या घरात साठा नव्हताच काय? होता. पण तो वेगळ्या वस्तूंचा होता आणि तो जवळजवळ संपूर्णपणे बायांच्या हातचा होता.

खडे मीठ मडक्यात, चुलीच्या उबेला. वाळलेल्या लाल मिरच्या. कांद्याची चाळण. हरभऱ्याचा कोवळा पाला खुडून सावलीत वाळवलेला. तो चुरून कालवणात टाकला की उन्हाळ्यात भाजी होई. अंबाडी. सुगीनंतर शेतातून वेचलेला सरवा, म्हणजे गळालेली कणसे आणि शेंगा. मराठवाड्यात येसूर, धान्य आणि मसाले भाजून केलेली पूड. वाटीभर येसुराने भांडेभर पाणी दाट होते आणि दहा माणसांची भाकरी ओली होते. डाळीच्या गाडग्यात राख, ज्वारीच्या मडक्यात लिंबाचा पाला. दोन्हींमुळे कीड लांब राहते. ही सगळी विद्या आहे, आणि तिच्यात एक हिशेब आहे: पैसा न लागणाऱ्या वस्तू, लहान जागेत मावणाऱ्या, आणि थोड्यात पुष्कळांना पुरणाऱ्या.

याच साठ्यात चान्याही होत्या. मेलेल्या जनावराचे मांस लांब पट्ट्यांत कापून, दोरीवर वाळवून, मडक्यात भरून ठेवायचे. पावसाळ्यात काम नसे तेव्हा त्या भाजून किंवा शिजवून खायच्या. त्यावर सवर्ण साहित्याने नाक मुरडले, आणि आपल्या आत्मकथनांनी ते वास्तव धीटपणे सांगितले. साठवणीच्या भाषेत बोलायचे तर उतरंडीच्या तळाच्या घरातला तो एकमेव पौष्टिक, टिकाऊ साठा होता.

मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मेलेल्या जनावराचे मांस सोडा, शिळे तुकडे मागणे सोडा, असे सांगितले. या निर्णयाचे नैतिक आणि राजकीय मोल आपण जाणतो. त्याची घरातली किंमत मात्र फारशी मोजली गेलेली नाही. ज्या घरांनी मृतमांस सोडले त्यांनी पावसाळ्यातला साठा सोडला, आणि त्या जागी दुसरे काही मिळणार नव्हते. ती पोकळी बायांनी स्वतःच्या ताटातून भरून काढली. बाबासाहेबांना याची जाणीव होती. १५ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरच्या भाषणात त्यांनी मृत जनावरांपासून वर्षाला पाचशे रुपये मिळतात असा हिशेब दाखवणाऱ्यांची आठवण सांगितली. आणि त्यांना आपण उलट काय आव्हान दिले तेही सांगितले, की ते काम तुम्हीच करा, वरचे पाचशे रुपये मी देतो. पोटाचा हिशेब खरा असूनही माणुसकीचा हिशेब वरचढ ठरतो, हे त्या उत्तराचे मर्म. पण तो वरचढ ठरवण्याचे काम वाड्यावाड्यांतल्या निरक्षर बायांनी केले. आपल्या चळवळीच्या इतिहासात त्यांच्यासाठी एक प्रकरण असले पाहिजे.

५

आता तिसरी अट. भरलेले मडके उद्याही आपलेच राहील ही खात्री.

शासनाच्या लेखी आणीबाणीची परिस्थिती म्हणजे दुष्काळ, पूर, भूकंप, युद्ध. दलितांच्या इतिहासात आणखी एक आणीबाणी आहे आणि ती आभाळातून येत नाही. ती म्हणजे गावाचा बहिष्कार. १९२८ साली मुंबई सरकारने स्टार्ट समिती नेमली, बाबासाहेब तिचे सदस्य होते, आणि १९३० साली तिचा अहवाल आला. अस्पृश्यांनी हक्क मागितले की गाव काय करते, हे त्या अहवालाने स्पष्ट नोंदवले: मजुरी बंद, रस्ता बंद, आणि वाण्याच्या दुकानातून जिनसा मिळणे बंद. कधी विहिरीवर पाणी भरण्याचा प्रयत्न, कधी पोशाख, कधी मिरवणूक, एवढी क्षुल्लक कारणे त्याला पुरत.

बहिष्काराच्या पहिल्या दिवशी काय होते ते बायांना विचारावे. मीठ मिळत नाही. रॉकेल मिळत नाही. ज्वारी घरात असली तरी गिरणीवाला दळून देत नाही. तेव्हा कोपऱ्यात पडलेले जुने जाते पुन्हा मांडले जाते. ज्या घराने जाते मोडीत काढले नाही ते घर आठ दिवस अधिक टिकते. साठा म्हणजे केवळ धान्य नव्हे. दळायचे साधन, सरपण आणि पाणी हेही साठ्यात धरावे लागते. हा धडा कोणत्याही आपत्ती व्यवस्थापनाच्या पुस्तकाआधी आपल्या वाड्यांनी शिकलेला आहे.

१९७२ साली महाराष्ट्रात शतकातला एक भीषण दुष्काळ होता. त्याच वर्षी इंदापूर तालुक्यातल्या बावडा गावात दलितांवर बहिष्कार घातला गेला. त्याच वर्षी मुंबईत दलित पँथर उभी राहिली. इतिहासाच्या पुस्तकांत या तीन घटना तीन वेगळ्या प्रकरणांत येतात. एकाच वर्षी निसर्गाने धान्य नाकारले आणि गावानेही नाकारले, तेव्हा शहरातल्या तरुणांच्या भाषेत जो संताप आला त्याची मुळे रिकाम्या मडक्यात आहेत.

आणि १९७८. विधिमंडळाने २७ जुलैला मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव केला आणि मराठवाड्यात शेकडो गावांत दलित वस्त्यांवर हल्ले झाले. घरे जाळली, भांडी फोडली, धान्य जाळले. पावसाळ्याचे दिवस, पुढची सुगी दूर, आणि घरात असलेले तेवढे धान्य जळालेले. जाळणाऱ्यांना ते पुरते ठाऊक होते. ज्याचा साठा नष्ट केला तो महिन्याभरात पुन्हा कामाला येईल, हा त्यामागचा हिशेब होता. नामविस्तार १४ जानेवारी १९९४ ला झाला. जळालेल्या ज्वारीची भरपाई किती घरांना मिळाली, याचा अभ्यास विद्यापीठाच्या एखाद्या विद्यार्थ्याने अवश्य करावा.

६

गावाने नाकारलेली खात्री शासनाने द्यावी, ही मागणी म्हणूनच आपल्या चळवळीची राहिली. १९४३ साली मुंबईत रेशनिंग सुरू झाले आणि गिरणगावातल्या दलित कामगाराच्या हाती पहिल्यांदा असा कागद आला, ज्यावर त्याच्या धान्याचे माप छापलेले होते. खळ्यावरच्या मर्जीत आणि त्या कागदात जमीन-अस्मानाचे अंतर होते. डिसेंबर १९६४ मध्ये दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली रिपब्लिकन पक्षाने देशव्यापी भूमिहीनांचा सत्याग्रह केला. पडीक जमिनीबरोबरच गरिबांना धान्याचे पुरेसे वाटप आणि महागाईला आळा हीदेखील त्या मागणीपत्रात होती. जमीन आणि धान्य एकाच कागदावर मागण्याची ती दृष्टी आजही शिकण्यासारखी आहे. जानेवारी १९६५ मध्ये भारतीय अन्न महामंडळ स्थापन झाले, म्हणजे देशाचे पेव तयार झाले.

१९७२-७३ मध्ये आयात केलेली लाल मिलो आणि दुष्काळी कामावरची सुकडी यांवर एक पिढी जगली. मे १९७३ मध्ये जवळपास पन्नास लाख माणसे या कामांवर होती. त्यातून रोजगार हमीचा कायदा आला. १९७७ साली मंजूर, १९७९ पासून अमलात. २००१ साली सरकारी गोदामांत चार कोटी टनांहून अधिक धान्य पडून असताना देशात भूकबळी जात होते, तेव्हा अन्नाच्या हक्काची याचिका सर्वोच्च न्यायालयात गेली. त्याच खटल्यात एप्रिल २००४ मध्ये न्यायालयाने शाळेतल्या माध्यान्ह भोजनासाठी स्वयंपाकी नेमताना दलित-आदिवासींना प्राधान्य देण्याचा आदेश दिला. धान्य कोठारात असणे वेगळे आणि ते कोणाच्या हाताने शिजते हे वेगळे, हा भेद न्यायालयालाही मानावा लागला. २०१३ साली अन्नसुरक्षा कायदा झाला: प्राधान्य कुटुंबात माणशी पाच किलो, अंत्योदय कुटुंबाला पस्तीस किलो.

२४ मार्च २०२० च्या रात्री आठ वाजता टाळेबंदी जाहीर झाली आणि मध्यरात्रीपासून लागू झाली. हातात चार तास होते. पगारदार माणूस पिशव्या घेऊन दुकानात गेला आणि महिन्याचे सामान घेऊन आला. रोजंदारीवरच्या माणसाच्या खिशात एका दिवसाची मजुरी होती. तो किलोभर पीठ आणि तेलाची पुडी घेऊन आला. वृत्तपत्रांनी पहिल्याला दूरदर्शी म्हटले. तेव्हा देशाच्या गोदामांत सात कोटी टनांहून अधिक गहू-तांदूळ होता. एप्रिलपासून माणशी पाच किलो जादा मोफत धान्य आले, आणि ज्यांच्याजवळ शिधापत्रिका होती ते तरले. ज्यांची शिधापत्रिका गावी होती किंवा कधी झालीच नव्हती, ते चालत निघाले. माझ्या वर्गातली काही मुले त्या उन्हाळ्यात आईबापांबरोबर चालली आहेत. त्यांना साठवणीचे महत्त्व कोणी शिकवण्याची गरज नाही.

७

मग करायचे काय? बिदरच्या किल्ल्यापासून फार दूर नसलेल्या जहीराबाद परिसरात, आजच्या तेलंगणात, डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटीच्या दलित बायांच्या संघांनी १९९० च्या दशकात पडीक जमिनी लागवडीखाली आणल्या. त्यांवर ज्वारी पिकवली, तिचा ठरलेला भाग गावातच टोपल्यांत राख आणि लिंबाचा पाला घालून साठवला, आणि पावसाळ्याच्या उपाशी महिन्यांत गरीब घरांना स्वस्तात वाटला. कोणाला किती द्यायचे ते बायांनीच ठरवले. पाचशे वर्षांपूर्वी ज्या मुलखाच्या सुलतानाचे धान्य वाटायला देवाला महार व्हावे लागले, त्याच मुलखात कोठाराची किल्ली दलित बाईच्या कमरेला आली. त्यासाठी तिला जमीन लागली, संघ लागला आणि स्वतःची जुनी विद्या लागली.

रेशनचा हक्क लढून मिळवला आहे आणि तो सोडायचा नाही. तरीही पाच किलो गहू-तांदूळ म्हणजे साठा नव्हे. तो महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात संपतो आणि त्यात डाळ, तेल, मीठ नसते. वस्तीवस्तीत बायांच्या हातची धान्यपेढी, गायरान जमिनीच्या हक्काचा निकाल, आणि बहिष्कार पडल्यास दुकान व गिरणी तत्काळ चालू करण्याची प्रशासनावर जबाबदारी, या मागण्या एकत्र मांडल्या पाहिजेत. शिक्षकांनी आणि विद्यार्थ्यांनी एक काम आजच हाती घ्यावे. आपापल्या घरातल्या वृद्ध बायांना विचारून लिहून काढावे: १९७२ साली उतरंडीत काय होते, ते किती दिवस पुरले, बहिष्कार पडला तेव्हा मीठ कोणी आणून दिले. ही माणसे आता थोडी उरली आहेत. त्यांच्या उत्तरांत आपला दुष्काळाचा इतिहास आहे, आणि तो दुसरे कोणी लिहिणार नाही.